मणभर ऊन

देवळाली प्रवरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं काम ऑनलाइन फॉर्म भरायचं. दिवसभर लोक टेबलापलीकडे उभे राहून मला घाई करतात आणि मी त्यांच्यावर ओरडते. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला बोलायला जागा नको. पण यशोधरामावशींवर मी कधी ओरडले नाही. मी अडीच-तीन वर्षांची असताना माझ्या हातात खडू देऊन पाटीवर पहिला गोल काढून घेतला तो त्यांनी. तीस वर्षं त्या आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई होत्या. आता काम सोडलंय, वय अठ्ठावन्न.

मावशींना भित्र्या म्हणून अख्खं गाव ओळखतं. यजमानांच्या पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याच्या चार प्रती काढायला लावतात, एक पावसात भिजली तर, एक साहेबांनी हरवली तर, एक उंदरानं खाल्ली तर. घराचं कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. त्यांचे यजमान छगनराव पाटबंधारे खात्यात होते. ते हयात असताना म्हणायचे, 'आमच्या मंडळी कुलपालाच घाबरवून सोडतात.' आम्ही सगळे हसायचो. त्यांची आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून विचित्र वाटायची. अंगणवाडीत त्या बडबडगीतंसुद्धा वाचून दाखवल्यासारखी म्हणायच्या. चाल नाही, ताल नाही, सरकारी परिपत्रक वाचावं तसं. दुसऱ्या अंगणवाडीतली पोरं टाळ्या वाजवत गायची आणि आम्ही नुसतं बोलायचो. मला वाटायचं, बिचारीला गळाच नाही.

गेल्या फेब्रुवारीत, बुधवारी दुपारी, मावशी दुकानात आल्या. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत त्या दाराशी पिशवी घट्ट धरून उभ्या राहिल्या. मग टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "आश्विनी, नेटवरनं एखादी वस्तू काढून टाकायचा अर्ज असतो का गं?"

कुणी मेल्यानं मावशींचा फोटो बनवून टाकला की काय? हल्ली काय वाट्टेल ते चालतं. "कुणी काय टाकलंय, मावशी? नाव सांगा, त्याला बघते मी."

"फोटू न्हाई. गानं हाय एक."

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. त्याची रिंगटोन मी महिन्यापूर्वी हौसेनं लावली होती. खोल विहिरीतून यावा तसा बाईचा आवाज, 'ये ना पाटाच्या कडंला, मणभर ऊन घेऊन', आणि त्याच्या मागून भलतीकडून, फिरत फिरत आल्यासारखा पुरुषाचा, 'आलो गं सावली माझी तुझ्या पायाशी ठेवून'.

टेबलाची कड धरून मावशी म्हणाल्या, "बंद कर. आदी बंद कर ते."

आता हे गाणं ज्याला माहीत नाही असा माणूस जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, तरी सांगते. पुण्याच्या एका जोडीनं मागच्या दिवाळीत ते गिटारवर म्हटलं आणि तिथून साथ लागल्यासारखं पसरलं. हळदीत डीजेवर तेच. श्रीरामपूरच्या बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर बसवलं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी तर कहर केला. दोन ट्रॉल्या ऊस आणि त्यावर चार भोंगे, कारखान्याकडे जाताना सगळी देवळाली हादरायची. शिर्डीला येणाऱ्या एका पालखीत त्याचं भजन झालं होतं. एकीनं त्याची अंगाई केली, एकानं व्यायामशाळेत वजन उचलताना म्हणायचं गाणं केलं, आणि कुठल्याशा हौशी बाईंनी पोषण आहाराचं केलं: 'ये ना अंगणवाडीला, मणभर कडधान्य घेऊन'. हे शेवटचं मावशींच्या जुन्या मैत्रिणींनी त्यांनाच अकरा वेळा व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. 'मणभर ऊन' म्हणजे काय यावर एका प्राध्यापकांनी चाळीस मिनिटांचं भाषण दिलं, उन्हाचं वजन करणारी ही ग्रामीण प्रतिमा म्हणजे श्रमाचं मोजमाप आहे वगैरे. मी ते पूर्ण ऐकलं होतं आणि मला पटलंही होतं.

मुळातलं गाणं मात्र एका जुन्या कॅसेटवरचं, कुणीतरी नेटवर टाकलेलं; माझी रिंगटोन तीच. त्यावर गायकांची नावं रेश्मा आणि करण एवढीच. ती दोघं कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी आपापल्या परीनं कथा रचल्या होत्या. पळून गेलेलं जोडपं होतं, घरच्यांनी मारलं, तिनं विहिरीत उडी घेतली. त्या आवाजात काहीतरी होतंच तसं. ऐकताना डोकं गरगरायचं.

"मावशी, ह्या गाण्याचा आणि तुमचा काय संबंध?"

मावशींनी दाराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, वर पंख्याकडेसुद्धा बघितलं. मग म्हणाल्या, "ती रेश्मा मीच हाय."

मी हसले, आणि लगेच माझं हसू आटलं, कारण त्यांनी माझा फोन उचलून टेबलावर पालथा घातला.

"आन् करन म्हंजे माझा दादा. सख्खा भाऊ."

मावशींचं माहेर काष्टीचं, श्रीगोंदे तालुक्यातलं. मोठे भाऊ कोंडीराम तेव्हा शिक्षकाच्या नोकरीला नुकतेच लागले होते आणि त्यांची प्रज्ञासूर्य गायन पार्टी होती, बुद्ध-भीमगीतांची. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो आणि दोन गायक, कोंडीराम नि सूर्यभान. घरात बहीण गुणगुणायची ते ऐकून कोंडीरामनं तिला शेजारी बसवून शिकवलं, आणि जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर उभं केलं ते स्वतःच्या हिमतीवर. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली तेव्हा तो त्यांना म्हणाला, बाबासाहेबांच्या गाण्याला बाई उभी राहिली तर तुमचं काय दुखतंय?

सत्याऐंशी साली पार्टीची पहिली कॅसेट निघायची ठरली. सगळे एसटीनं पुण्याला निघाले. सूर्यभान वाटेत चौफुल्याला चहाला उतरला आणि गाडी सुटली. स्टुडिओ दुपारी बारापर्यंतच मिळाला होता, त्यानंतर दुसऱ्या पार्टीची पाळी. सूर्यभानशिवाय सगळी गीतं झाली आणि शेवटी दुसऱ्या बाजूला सहा मिनिटांची फीत कोरी राहिली. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, कोरी फीत सोडायची नाही, एखादं गावाकडचं द्या, दोघांचं. सूर्यभानानं लिहिलेलं एक प्रेमाचं गाणं होतं. ते तो आणि यशोधरा म्हणणार होते. पण तो चौफुल्याला बसला होता.

"मीच दादाला म्हनलं, तू म्हन. तो न्हाई म्हनत हुता. म्या हात जोडले. म्हनलं, दादा, एवडं पुन्याला आलोय, आपली कॅशेट आर्दी राहील." मावशी पिशवीचा बंद पिळत होत्या. "मंग तो म्हनला, मी तुझ्याकडं तोंड करून म्हननार न्हाई. भिंतीकडं वळला. मी इकडं, तो तिकडं. पाठीला पाठ. माईक एकच. त्याचा आवाज पत्र्याच्या भिंतीवरनं आपटून येत हुता."

म्हणजे पुण्या-मुंबईचे शहाणे कॉम्प्युटरवर तासन् तास बसून जो फिरता आवाज काढायचा प्रयत्न करत होते, तो भावाच्या लाजेचा आवाज होता. मी विचारलं, "आणि ते मणभर ऊन?"

"चूक हाय ती. सूर्यभाननं मनभर लिवलं हुतं. तो रेकॉर्डिंगवाला सकाळधरनं मला वराडत हुता, ताई पानी न्हाई, पाणी म्हणा. कोन न्हाई, कोण म्हणा. मी इतकी भ्याले की दिसंल त्या न ला ण करीत सुटले. ऊन तेवडं वाचलं माझ्या हातनं."

मला हसू आवरलं नाही. मावशींना मात्र हसू येत नव्हतं. कॅसेटवर बहीणभावाची नावं कशी टाकायची म्हणून कोंडीरामनंच रेश्मा आणि करण ही नावं सांगितली. पार्टीतल्या सगळ्यांना शपथ घातली. कॅसेट फारशी चालली नाही, आणि झालं ते मिटलं असं वाटलं. पण थोड्याच दिवसांत कोंडीरामनं पार्टी मोडली. त्यानंतर तो कधी गायला नाही. बहिणीशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती देवळालीला आली. तो यायचा तेव्हाही पाहुण्यासारखा बाजूला तोंड करून चहा प्यायचा. आता दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोन येतो. 'बरी हायस का? बरं.' एवढाच.

"माझ्यामुळं त्याचा गळा बंद झाला, आश्विनी. मी हात जोडले नसते तर तो म्हनला नसता. आता तो विहारात वंदना घेतो, लोक त्याला गुर्जी म्हनून पाया पडत्यात. हार्टमदी स्टेंट बसवलीय त्याच्या. हे भाईर आलं तर पोरं त्याच्या दारात भोंगा लावतील. भाऊ-बहिनीचं प्रेमाचं गानं म्हनून हसतील. तो मरंल गं."

मी त्यांना धीर देणार होते. त्या काळचं कोण आठवतंय, कोण ओळखणार, असं म्हणणारही होते. पण मावशींनी त्यांचा फोन पुढे केला. चेतन नावाच्या पुण्याच्या एका मुलाचा व्हिडिओ होता. जुनी गाणी शोधून त्यांच्या मूळ गायकांना गाठणं हा त्याचा उद्योग. त्यानं रद्दीत ती कॅसेट मिळवली होती आणि वेष्टणाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'गायन पार्टी, काष्टी' असं छापलेलं त्याला सापडलं होतं. तो हसत हसत सांगत होता, 'मित्रांनो, हे महाराष्ट्रातलं पहिलं सायकेडेलिक युगलगीत! येत्या शनिवारी मी काष्टीच्या बाजारात जाऊन हे गाणं स्पीकरवर लावणार आणि म्हाताऱ्या माणसांना विचारणार, हा आवाज कुणाचा?'

"सायकलीवर कोन हुतं? आमी यश्टीनं गेल्तो," मावशी रडवेल्या होऊन म्हणाल्या.

सायकेडेलिक म्हणजे नशेत ऐकल्यासारखं, हे त्यांना सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. आधी माझी रिंगटोन बदलली. मग त्यांना स्पष्ट सांगितलं की असा अर्ज नसतो, आणि असला तरी शंभर जणांनी शंभर तऱ्हेनं म्हटलेलं गाणं कुठून कुठून पुसणार? एकच मार्ग होता. शनिवारच्या आत काष्टीला जाऊन भावाला सावध करायचं. 'एकटी जाते' म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांचे हात इतके कापत होते की मी शुक्रवारी दुकान बंद ठेवायचं ठरवलं. दारावर पाटी लावली, 'सर्व्हर डाऊन'. लोक त्याला निमूटपणे मान देतात.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. मावशींनी कुलूप किती वेळा ओढलं ते मी मोजलं नाही. नगरला गाडी बदलून दौंडच्या एसटीत बसलो. मावशी खिडकीशी. तोंडानं त्यांचा सराव चालू होता. "त्याला सांगते, दादा, दोन दिस दौंडला पोराकडं जा. घराला कुलूप लाव. न्हाई, तसं नको. आदी तब्येत इचारते. मंग म्हनते, दादा, एक पोरगं येनार हाय. न्हाई गं, एकदम सांगितलं तर त्याला धक्का बसंल." पुन्हा पहिल्यापासून. मधेच मला विचारत, "वहिनी घरात असंल तर? तिला बी ठाव न्हाई."

"छगनरावांना माहीत होतं?"

"कुठलं? त्यांना लई आवडायचं ते गानं. कुठनं तरी ऐकलं हुतं. पाटावर पानी सोडाया जाताना म्हनायचे. मी मोरीत जाऊन नळ सोडायचे, ऐकू यिऊ ने म्हनून." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "एकदा त्यांनी इचारलं, काय गं, ही बाई कशी असंल दिसायला? मी म्हनलं, मला काय ठाव."

पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं मोबाईलवर रील सुरू केली आणि आलंच ते, ढोलताशावरचं. मावशींनी माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. मी त्या पोरीला म्हटलं, हेडफोन लाव नाहीतर फोन पर्समध्ये ठेव. ती म्हणाली, 'काकू, एवढं मस्त गाणं आहे!' मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिनं फोन ठेवला.

काष्टीला उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मैदानात दावणीचे खुंटे ठोकायचं काम चाललं होतं. मावशी त्या मैदानाकडे बघत बघत चालल्या होत्या, कुठे स्पीकर दिसतोय का म्हणून. स्पीकर नव्हता. विहाराच्या मागच्या गल्लीत कोंडीरामगुरुजींचं घर. दारात शेवग्याचं झाड, त्याखाली खुर्चीवर ते पेपर वाचत बसले होते. उंच, वाळलेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बहिणीला बघून ते उठले, पेपरची घडी केली आणि म्हणाले, "यशे? बरी हायस का?" तसंच, फोनवरच्यासारखं. नजर माझ्या चपलांवर.

त्यांच्या मंडळी कलाबाईंनी पाणी दिलं, आमच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. मावशींनी वाटेत जेवढं पाठ केलं होतं तेवढं सगळं त्या विसरल्या. "दादा," म्हणाल्या आणि एका दमात सगळं ओकून मोकळ्या झाल्या. गाणं, रील, पुण्याचा मुलगा, उद्याचा बाजार, स्पीकर. "तू आत्ताच्या आत्ता दौंडला जा. तुझ्या पाया पडते. मी हितं थांबते, घराला कुलूप लावते. कुनी इचारलं तर सांगते, पार्टीतले सगळे मेले."

गुरुजींनी घडी केलेला पेपर खुर्चीवर ठेवला. मला त्यांच्या छातीची काळजी वाटत होती, गोळी कुठे ठेवतात ते कलाबाईंना विचारावं का असं मनात चाललं होतं. ते म्हणाले, "तुला भ्या कशाचं वाटतंय?"

"तुझं! तुला लाज वाटंल म्हनून. तवापास्नं तू माझ्याकडं नीट बघत न्हाईस. माझ्यामुळं तुझं गानं सुटलं."

"लाज?" गुरुजींनी चष्मा काढला. "लाज त्या दिवसापुरती हुती, यशे. परत येताना सूर्यभान चौफुल्याला भेटला, आमी दोघं मागल्या बाकावर पोट धरून हसलो, तू पुढं झोपली हुतीस. ती तिथंच संपली."

"मंग?"

कलाबाई चहा घेऊन आल्या. गुरुजींनी त्यांना हातानं थांबायची खूण केली, मला वाटलं आत पाठवतील, पण म्हणाले, "तू बी बस. तुला बी कदी सांगितलं न्हाई." कलाबाई ट्रे हातात घेऊनच उंबऱ्यावर बसल्या.

"कॅशेट झाल्यावर दोन म्हैन्यांनी तो रेकॉर्डिंगवाला हितं आला हुता. शनिवारी, बाजारात. मी कांद्याच्या गोण्यांपाशी उभा हुतो. लोकांनी त्याला माझ्याकडं पाठवला. त्यानं मला वळखलं न्हाई, रोज दोन-दोन पार्ट्या यायच्या त्याच्याकडं, त्याच्या ध्यानात निस्ता तुझा गळा राहिला हुता. त्यानं इचारलं, रेश्मा कुठं राहते? त्याच्या पिशवीत सहा गान्यांचे कागद हुते. म्हनला, असा गळा मी ऐकला न्हाई, पुन्यात तिच्या राहन्याची सोय करतो, आईला संगं आना, भावाला आना. सगळी सहा गानी तिच्या एकटीची." गुरुजी चष्मा धोतराला पुसत होते. तो स्वच्छच होता. "मी म्हनलं, हितं रेश्मा नावाचं कुनी न्हाई."

मावशींनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"खोटं न्हवतं ते. रेश्मा नावाचं कुनी न्हवतंच. मी सोताला असंच समजावलं. तू तवा घरात भाकरी थापत हुतीस. बाजारातनं घरापतूर चारशे पावलं. तो दिवसभर हिंडला आन् संध्याकाळच्या गाडीनं गेला. मंग मी पार्टी मोडली आन् वर्साच्या आत तुझं लगीन लावलं. मला वाटत हुतं, गेलीस तर गानारी बाई म्हनून नाव पडंल." इथे ते थांबले. नंतर जे बोलले ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "ते बी खरं कारन न्हाई. मला कुनी बोलवाया आलं न्हवतं, यशे. शिकवलं मी, आन् बोलावनं तुला."

गल्लीत कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. गुरुजी म्हणाले, "दर रविवारी मी पंचशील म्हनतो. चौथं शील आलं, खोटं न बोलायचं, की माझा आवाज बसतो. लोकांना वाटतं, गुर्जी थकले."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं, कारण बोलायचा हक्क माझा नव्हता. मावशी इतक्या शांत बसल्या होत्या की मला त्यांचीच भीती वाटू लागली. त्यांचे हात कापत नव्हते. मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांचे हात असे स्थिर मी पाहिले नव्हते.

"मंग मी अडतीस वर्सं कुनाला भ्याले?" त्या म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अंगनवाडीत पोरं म्हनायची, बाई, चाल लावा की. मी चाल लावली न्हाई. गळा उगडला तर कुनी वळखंल, कुनी म्हनंल ही ती कॅशेटमदली, आन् तुझ्या नावाला बट्टा लागंल. तीस वर्सं, दादा. एकेका वर्साला चाळीस पोरं. एकाला सुदिक गानं म्हनून दाखवलं न्हाई मी." आता त्यांचा आवाज चढला होता. "आन् माझ्या नवऱ्याला ते गानं आवडत हुतं. त्यानं मला इचारलं, बाई कशी असंल दिसायला. मला सांगता आलं न्हाई."

कलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अवं, हे काय केलं तुमी?" गुरुजींनी मान खाली घातली.

मावशी उठल्या. मला वाटलं, आता चालायला लागतील आणि परत कधी या घराची पायरी चढणार नाहीत. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आश्विनी, त्या पोराचा नंबर हाय नव्हं तुझ्याकडं? लाव फोन."

"मावशी, नीट विचार करा. घरी जाऊन, दोन दिवसांनी—"

"लाव म्हनते ना."

नंबर व्हिडिओखालीच दिला होता. मी लावला आणि स्पीकर सुरू केला. चेतन गाडीत असावा, हॉर्न ऐकू येत होते. मी म्हटलं, काष्टीहून बोलतेय, गाण्यातल्या बाई इथे आहेत. त्याचा विश्वास बसेना. दिवसातून दहा रेश्मा फोन करतात म्हणाला. मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला, तोंडासमोर धरला आणि उभ्या उभ्या पहिली ओळ म्हटली. नुसती एक ओळ. आवाज जुना झाला होता, कडेला फाटला होता, पण मला रस्त्यात, हळदीत, ट्रॅक्टरवर, रीलमध्ये जेवढ्यांनी ती ओळ ऐकवली त्यातल्या कुणाचीच ती नव्हती हे मला त्या क्षणी कळलं. शेजारच्या घरातला मिक्सर थांबला. फोनमधले हॉर्नही थांबले, त्या मुलानं गाडी बाजूला घेतली असावी.

"आजी," तो म्हणाला, "तुम्हीच रेश्मा?"

"रेश्मा कुनी न्हाई. यशोधरा ओहोळ. लिवून घे." त्यांनी माहेरचं नाव सांगितलं होतं.

"हो, हो, लिहितो. आणि करण? ते कोण? म्हणजे तुमचे ते... आहेत का अजून?"

मावशींनी भावाकडे बघितलं. गुरुजी शेवग्याला हात टेकून उभे होते. त्यांनी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

"माझा सख्खा भाऊ हाय. कोंडीराम ओहोळ. हितंच हाय, माझ्यासमोर."

"भाऊ?"

"व्हय, भाऊ. हसायचं तर हसून घे."

तो हसला नाही. कागद चाळल्याचा आवाज आला. "आजी, अजून काही सांगाल त्यांच्याबद्दल?"

"मला गायला त्यानंच शिकवलं. भावकीशी भांडून मला ष्टेजवर उभं केलं. ते लिव. आन् माझं गानं बी त्यानंच बंद केलं. ते बी लिव."

मग तो मुलगा चाचरत म्हणाला, "आजी, पहिलं लिहितो. दुसरं राहू द्यायचं का? एवढे मोठे भाऊ आहेत तुमचे, लोक त्यांना काय काय बोलतील..."

"दोन्ही लिव," मावशी म्हणाल्या. "एक गाळलंस तर दुसरं खोटं पडंल."